रक्त कमी आहे, पण कशामुळे?

चुली विझल्या असतील, भांडी झाली असतील, पोरं अंथरुणाकडे वळली असतील. थोडा वेळ बसा आमच्याजवळ. आज आपण रक्ताबद्दल बोलणार आहोत.

मागच्या महिन्यात आम्ही डोंगरावरच्या एका पाड्यावर बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले आणि आम्ही सहज विचारलं, "तुमच्यापैकी कुणाकुणाला दवाखान्यात सांगितलंय, की रक्त कमी आहे?" जवळजवळ सगळे हात वर गेले. मग विचारलं, "कशामुळे कमी आहे, ते कुणी सांगितलं का?" एकही हात वर नाही. एक म्हातारी म्हणाली, "बाईला रक्त कमीच असतं, त्यात काय विचारायचं?" दुसरी हळूच म्हणाली, तिच्या सासूला वाटतं शेजारणीची नजर आहे. आणि कडेवर मूल घेतलेली एक तरुण पोरगी म्हणाली, "गोळ्या दिल्यात. खाते मी. पण होत काहीच नाही."

त्या पोरीचं बोलणं डोक्यात घेऊनच आम्ही घाट उतरलो. गोळ्या नेमाने खाऊनही रक्त वाढत नसेल, तर कारण वेगळं आहे आणि औषध भलत्याच कारणावर चाललंय. ताप म्हटला की आपण विचारतो कसला ताप, हिवताप की आणखी कसला. रक्त कमी म्हटलं की मात्र कुणी काही विचारत नाही. आपणही नाही, आणि खरं सांगायचं तर गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरही नाही.

आधी आकडा समजून घेऊ. रक्तात एक लाल पदार्थ असतो, हिमोग्लोबिन. दवाखान्यात त्याला एचबी म्हणतात. आपण घेतलेल्या श्वासातला प्राणवायू अंगभर पोहोचवायचं काम त्याचं. बाईचं एचबी १२ किंवा वर हवं, गरोदर बाईचं ११ किंवा वर. ७ च्या खाली गेलं तर घरी बसायचं नाही, गोळीवर भागत नाही, दवाखाना गाठायचा. पुढच्या वेळी बोट टोचतील तेव्हा "कमी आहे" एवढं ऐकून उठू नका. आकडा विचारा आणि लिहून घ्या. आकडा असला की तीन महिन्यांनी वाढला की नाही ते कळतं.

अंगावरच्या खुणा तुम्हाला माहीतच आहेत. पापणीच्या आतली बाजू पांढुरकी, जीभ फिकी, विहिरीवरून हंडा आणताना धाप. कुणाला भिंतीची माती, कुणाला कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. त्यावरून तिला हसू नका, तो खोडसाळपणा नव्हे. अंगात लोह कमी पडलं की असं होतं.

हे फक्त आपल्याच पाड्यांवर आहे असंही नाही. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तिच्यात १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायांमध्ये ५७ जणींचं रक्त कमी निघालं. महाराष्ट्रात ५४ जणींचं. आदिवासी बायांमध्ये हा आकडा त्याहून चढा आहे. आता तो चढा का, यावर तालुक्याच्या मीटिंगमध्ये आम्ही एक शब्द पुष्कळदा ऐकलाय, "अज्ञान". हा शब्द ऐकला की आमचं डोकं फिरतं. अज्ञान थोडंफार सगळ्यांकडेच असतं, शहरातही असतं. पण ज्या बाईला आपलं रक्त का कमी आहे हे कुणी सांगितलंच नाही, तिच्या माथी अज्ञान मारायचं, हे बरं नाही.

तर कारण शोधू. घरातल्या माठाचा विचार करा. सकाळी बघितलं तर माठात पाणी कमी. का कमी? एक तर भरलंच कमी. किंवा माठ कुठेतरी गळतोय. किंवा भरलेलं पाणी कुणीतरी सांडून टाकतंय. रक्ताचंही तसंच आहे. अंगात तयारच कमी होतं, किंवा अंगातून जातं, किंवा आतल्या आत मोडतं. आपल्या सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या बायांच्या अंगात पुष्कळदा ही तिन्ही कारणं एकदम असतात. म्हणून एका गोळीने सगळ्यांचं सारखं भागत नाही.

भरलंच कमी, याचं पहिलं कारण ताट. आमच्या आज्यांच्या वेळी शेतात मोर होता, बंटी होती, ज्वारीत तूर-उडीद असायचा. पावसाळ्यात रानभाज्या, नदीचे मासे, खेकडे. पुढे जंगल विरळ झालं, डोंगराची माती वाहून गेली. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली ३३ गावं आली, ती सगळी ह्याच दोन तालुक्यांतली. नदीकाठची काळी जमीन गेली. आता रेशनचा तांदूळ-गहू आहे, त्याने पोट भरतं, पण डाळ विकत आणावी लागते आणि ती पातळ होत जाते. त्यात घरच्या बाईचं जेवण शेवटी. पातेल्याच्या तळाशी जे राहील ते तिचं. ही गोष्ट आपण सगळ्या जाणतो आणि सगळ्या तशाच वागतो, आम्हीसुद्धा.

लोह वाढवायचं तर डाळी, कडधान्यं, हिरवा पाला, अंडं, मासळी, मटण, जे हाताला लागेल ते. भाजी-भाकरीबरोबर लिंबू, आवळा, कैरी, काहीतरी आंबट ताजं असू द्या, म्हणजे जेवणातलं लोह अंगी लागतं. आणि जेवल्याबरोबर चहा नको. चहा लोह अंगात जाऊ देत नाही. तासभर थांबून प्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांसाठी आदिवासी भागातल्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेचं एक वेळचं गरम जेवण असतं, २०१५ पासून. ते तिथेच बसून खायचं. डब्यात घालून घरी नेलं की त्याचे पाच वाटे होतात, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

लोहाच्या गोळ्या गरोदरपणात रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. शी काळी होते, त्याला घाबरू नका. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. कॅल्शियमची गोळी आणि ही गोळी एकत्र घेऊ नका, एक सकाळी, एक रात्री. आणि गोळ्या पत्र्याच्या फटीत खोचून "खाल्ल्या" म्हणून आशाताईला सांगू नका. तिला कळतं, तिच्या घरीही पत्राच आहे.

आता गळणारा माठ. पाळी फार जाते, आठ-आठ दिवस जाते, तरी आपण बोलत नाही. बाळंतपणं लागोपाठची, पहिलं मूल अंगावर पितंय तोवर दुसरं पोटात. आणि तिसरी गळती दिसत नाही, ती जंतांची. काही जंत आकड्यासारख्या तोंडाने आतड्याला चिकटतात आणि रोज थोडं थोडं रक्त पितात. ते उघड्यावरच्या शौचाच्या जागेतल्या ओल्या मातीतून, अनवाणी पायाच्या कातडीतून अंगात शिरतात. म्हणजे ज्या शेतात आपण पावसात चिखल तुडवतो तिथूनच. १ ते १९ वर्षांच्या मुलांना १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळेत, अंगणवाडीत जंताची गोळी देतात. ती चुकवू नका. गरोदर बाईला पहिले तीन महिने झाल्यावर दवाखान्यातून ही गोळी मिळते. आपणहून कुणी देत नसेल तर मागून घ्या.

आणि एक फसवी गोष्ट. बाजाराच्या दिवशी "ताकदीची सलाईन" लावून घ्यायला किती जणी जातात, आम्हाला ठाऊक आहे. पिवळी सलाईन, लाल सलाईन. त्यात मीठ-साखरेचं पाणी आणि रंगापुरतं जीवनसत्त्व. तासभर पडून राहायला मिळतं म्हणून बरं वाटतं, तेवढंच. रक्ताचा थेंब त्याने वाढत नाही. त्या पैशात महिन्याभराची अंडी येतात.

तिसरं कारण राहिलं, रक्त आतल्या आत मोडण्याचं. त्यातला हिवताप तुम्हाला माहीत आहे. हिवतापाचा जंतू रक्ताच्या लाल पेशीत शिरतो, तिथे वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. म्हणून हिवताप उतरला तरी माणूस पांढरं पडलेलं असतं. ताप आला की आशाताईकडे बोट टोचून लगेच तपासता येतं. गोळ्यांचा कोर्स पुरा करा, थंडी थांबली म्हणून मधेच सोडू नका. गरोदर बाईने तर ताप अंगावर काढूच नये. मच्छरदाणी पाहुण्यांसाठी पेटीत ठेवायची वस्तू नाही, एवढं बोलून पुढे जाते. आज खरं बोलायचंय ते सिकलसेलबद्दल.

सिकल म्हणजे इंग्रजीत विळा. आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल असतात, मऊ असतात, केसाएवढ्या बारीक नसेतूनही वाकून-दबून निघून जातात. सिकलसेलच्या माणसाच्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. त्या एकमेकींत अडकतात. नाल्यात काटक्या अडकल्या की पाणी तुंबतं, तसं रक्त तुंबतं, आणि जिथे तुंबतं तिथे कळा येतात. हातापायाच्या हाडात, पाठीत, छातीत, पोटात. ज्याला झालंय तो सांगतो, हाडात कुणी खिळा ठोकतंय असं वाटतं. शिवाय चांगली पेशी साधारण १२० दिवस टिकते आणि ही विळ्याची पेशी १०-२० दिवसांत मोडते. अंग बिचारं नव्या पेशी करत राहतं, पण तेवढा वेग त्याला जमत नाही. म्हणून रक्त कायम कमी, डोळे पिवळसर.

हा रोग आपल्यात का आला? कुणाच्या शापाने नाही, घाणीने नाही, आणि लागणही होत नाही. एका ताटात जेवा, एका गोधडीत झोपा, काही होत नाही. तो आई-बापाकडून जन्माबरोबर येतो. ज्याच्या अंगात सिकलचं एकच बीज आहे तो माणूस धडधाकट असतो, त्याला वाहक म्हणतात. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन नावाच्या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत अभ्यास करून दाखवलं, की अशा वाहकांना जीवघेणा हिवताप सहसा होत नाही. म्हणजे जिथे दाट जंगल, जिथे हिवतापाने पोरं मरायची, तिथे वाहक माणसं जगली, वाढली आणि त्यांचं बीज पुढे गेलं. आपण सातपुड्यातले भिल्ल, पावरा. गडचिरोलीकडचे गोंड, माडिया. निलगिरीच्या डोंगरातले आदिवासी, जिथे १९५२ मध्ये भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला. सगळे जंगलाचेच. विदर्भात तर आदिवासी नसलेल्या समाजांमध्येही तो आहे. ज्या बीजाने आपल्या आज्या-पणज्यांना हिवतापातून वाचवलं, तेच बीज दोन्ही बाजूंनी एकत्र आलं की मूल आजारी होतं. ह्यात लाजण्यासारखं काय आहे, ते आम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही.

दोन्ही बाजूंनी, हे शब्द लक्षात ठेवा. कारण आता जी गोष्ट सांगणार आहोत ती ह्या दोन शब्दांवर आहे.

आमच्या ओळखीची एक बाई. नाव सांगत नाही, गावही नाही. तिचं पहिलं मूल सहा-सात महिन्यांचं झालं आणि त्याचे हातपाय सुजायला लागले. रात्र रात्र रडायचं. पुजाऱ्याकडे नेलं, कोंबडं दिलं. दोन वर्षांचं होऊन एका तापात गेलं. दुसरी मुलगी, तिचंही तेच, ती जगली पण शाळेत कमी आणि अंथरुणात जास्त. सासरी बोलणं सुरू झालं, हिच्या पोटातच खोट आहे. कुणी डाकीण म्हणायलाही कमी केलं नाही. शेवटी नवऱ्याने दुसरी बाई आणली, आणि हिच्या बापाकडे देज परत मागितलं. दुसरीला दोन मुलं झाली, दोन्ही ठणठणीत. मग तर काय, सगळ्या गावाला पुरावाच मिळाला. पहिली वाईट, दुसरी चांगली.

मुलीच्या कळा वाढल्या तेव्हा ती पोरीला घेऊन एकटी जिल्ह्याच्या दवाखान्यात गेली. पोर सिकलसेलची रुग्ण निघाली. बाई वाहक निघाली. डॉक्टर म्हणाले, बापाकडूनही आल्याशिवाय असं होत नाही, त्याला आणा. तो दोन वर्षं आला नाही. "मी धडधाकट आहे, मला काय तपासायचं?" पुढे पाड्यावर शिबिर झालं, सगळ्यांबरोबर त्यानेही बोट पुढे केलं, आणि तोही वाहकच निघाला. दुसरी बायको वाहक नव्हती, म्हणून तिच्या मुलांना आजार झाला नाही. एवढाच फरक. पुरावा म्हणून जे दाखवत होते ते खोट्याचंच निघालं. पण तोवर पहिली माहेरी मजुरी करत होती, आणि अजून तिथेच आहे.

बियाण्याचा हिशोब असा. प्रत्येक मुलाला एक बी आईकडून मिळतं, एक बापाकडून. आई-बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता मूल रुग्ण होण्याची, चारात दोन वाहक होण्याची, चारात एक अगदी मोकळं होण्याची. "पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होतील," असं काही जण समजतात. तसं नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने काढली जाते. एकच जण वाहक असेल आणि दुसरा मोकळा, तर कुठलंच मूल रुग्ण होत नाही. एक रुग्ण आणि दुसरा मोकळा असेल, तर सगळी मुलं वाहक, रुग्ण एकही नाही. रुग्ण आणि वाहक यांचं लग्न झालं, तर मात्र दोनात एक शक्यता आजाराची. कशातही एकट्या बाईचा दोष बसत नाही, कसाही हिशोब मांडा. आणि कुणी डाकीण म्हणून बोट दाखवून त्रास देत असेल, तर महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो गुन्हा आहे. पोलिसपाटलाला हे माहीत असतं, फक्त आठवण द्यावी लागते.

आता कळा कशाने उठतात? पाणी कमी पडलं, थंडी लागली, ताप आला, अंगाला झेपणार नाही एवढं काम झालं, की पेशी वाकड्या होतात. आता सांगा, ह्या चारही गोष्टी एका जागी कुठे मिळतात? ऊसतोडीला. दिवाळीनंतर आपले पाडे रिकामे होतात, कुणी गुजरातेत, कुणी इकडे कारखान्यांवर. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. थंडीत पहाटे फडात उतरायचं, ओलं दव, मोळ्या डोक्यावर. पाण्याचा कॅन लांब. शिवाय फडात संडास नाही, म्हणून बाई मुद्दाम पाणी पीत नाही. दिवसभर घोटभर पाण्यावर काढते. निरोगी बाईला त्याने लघवीची जळजळ होते. सिकलसेलच्या बाईला कळा येतात, आणि मग खोपीवर पडून राहिली तर खाड्याचे पैसे कापले जातात. बोलणारे म्हणतात, ही कामचुकार. आजार रक्तातला आहे हे खरं, पण तो वर्षातून कितीदा उठेल हे पाणी, काम आणि उचल ठरवते. दवाखान्याच्या कागदावर हे कारण लिहायला रकाना नसतो.

म्हणून ज्या घरात रुग्ण आहे त्यांनी फडावर जाताना पाण्याची बाटली कमरेला लावायची, तहान लागायची वाट न बघता घोट घोट प्यायची. पहाटे अंगात गरम कपडा, कानाला रुमाल. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज. हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध काही रुग्णांना देतात, त्याने कळा कमी येतात. ते डॉक्टरांच्या सांगण्याने, मधूनमधून रक्त तपासत घ्यायचं, आणि मूल हवं असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना सांगायचं. साधी कळ आली तर पाणी, ऊब, आराम, पॅरासिटामॉल. पण ताप चढला, छातीत दुखून दम लागला, पोर एकाएकी पांढरं पडलं, पोटाची डावी बाजू फुगली, तोंड वाकडं झालं किंवा हातातली शक्ती गेली, तर रात्र असो की पाऊस, १०८ ला फोन करा, रस्ता नसेल तर झोळी करून निघा. उजाडायची वाट बघू नका.

आणि आता त्या गोळ्यांचं. वाहक बाईला लोह कमी असेल तर लोहाची गोळी तिलाही चालते. पण जी रुग्ण आहे, तिचं रक्त लोहाअभावी नव्हे तर पेशी मोडल्याने कमी होत असतं. रक्ताच्या पिशव्या वारंवार चढल्या असतील तर अंगात लोह उलट जास्त साठतं. तिने लोहाची गोळी डॉक्टरांना कार्ड दाखवूनच घ्यायची. आपणहून सुरू नाही आणि आपणहून बंदही नाही.

कार्ड मिळण्यासाठी तपासणी हवी. १ जुलै २०२३ ला देशाचं सिकलसेल अभियान सुरू झालं, १७ राज्यांत, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची म्हणून. तपासणीला पैसे लागत नाहीत. पण एक गोम आहे. नळीत रक्त टाकून जी पहिली चाचणी करतात ती फक्त एवढंच सांगते, की सिकल आहे की नाही. वाहक आहे की रुग्ण, ते दुसऱ्या मोठ्या चाचणीत कळतं. अशा कितीतरी बाया आम्हाला भेटल्यात, ज्यांना शिबिरात "पॉझिटिव्ह" सांगितलं आणि दुसरा रिपोर्ट कधी हातात आलाच नाही. त्यातल्या एकीने आपण आजारी आहोत असं समजून चार वर्षं लग्न केलं नाही, आणि ती नुसती वाहक होती. तेव्हा दुसरा रिपोर्ट मागायचाच. कार्डाचा रंग बघून अंदाज बांधू नका, त्यावर काय लिहिलंय ते शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या. एएस लिहिलं असेल तर वाहक, एसएस असेल तर रुग्ण. आणि २०१६ च्या अपंगत्वाच्या कायद्यात सिकलसेल धरलेला आहे, रुग्णाने त्या दाखल्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी.

लग्नाआधी कार्ड बघायचं का? बघायचं. पण मुलीचंच नाही, मुलाचंही. "वाहक आहे म्हणून मोडली सोयरीक," असं ऐकतो तेव्हा वाईट वाटतं, कारण समोरचा मोकळा असेल तर त्या लग्नात काहीच अडचण नव्हती. आणि लग्न झालेलंच असेल, दोघंही वाहक असाल, तर गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीलाच दवाखान्यात सांगा. पोटातल्या बाळाची तपासणी मोठ्या रुग्णालयात होते. ती करायची की नाही, पुढे काय करायचं, हे नवरा-बायकोने मिळून ठरवायचं.

एका गटाने काय केलं ते सांगते. त्यांच्याकडे एक रुग्ण बाई आहे, तिला बाळंतपणात रक्त लागणार हे ठरलेलं. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर गावातल्या बारा माणसांची नावं, रक्तगट आणि फोन लिहून ठेवले. "रक्त दिलं की ताकद जाते" म्हणणारे आधी मागे सरले, पण गटातल्या दोघींनी स्वतः दिलं आणि दुसऱ्या दिवशी निंदणीला गेल्या, ते बघून बाकीचे आले. गटाच्या पैशातून गाडीभाड्यापुरती रक्कम वेगळी काढून ठेवली. बाई बाळासकट घरी आली.

आणि बैठकीतल्या त्या पोरीचं विचाराल तर, आम्ही तिला घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेलो. एचबी निघालं ७.८. हिवताप नाही. जंताची गोळी तिला कधी मिळालीच नव्हती, ती दिली. सिकलची पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली, दुसऱ्यासाठी रक्त पाठवलंय. नवरा बाहेर मोटारसायकलवर बसून होता. आशाताईने त्याला आत बोलावलं, तर म्हणाला, माझं कशाला? ती पोरगीच म्हणाली, "अर्धं तुझं आहे." आला. त्याचंही रक्त गेलंय. रिपोर्ट आले की त्यांना विचारून आम्ही पुढचं सांगू.

हेच बोलणं शनिवारी सकाळी पावरीतून लावणार आहोत, सासवांना ऐकवा. शिबिराची तारीख आशाताईकडे आहे. जाताना लग्नाची माणसं दोघं मिळून जा, आणि आधीचा कुठला कागद घरात असेल, अगदी फाटका असला तरी, तो बरोबर घ्या.